त्या कलेत निष्णात

आकृती ३ मध्ये एक वाकलेली पोलादी पट्टी होती आणि तिच्या टोकाला रबराचा तुकडा. ती पाहिली आणि अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात, संगणकासमोर बसल्या जागी मला रॉकेलचा वास आला. छापून झालेला फर्मा रॉकेलनं पुसतात, तो वास. त्यामागून शाईचा, ओल्या गोणपाटाचा आणि चोपड्यातल्या मे महिन्याच्या दुपारचा.

पेटंटचा तो अर्ज एका परदेशी कंपनीचा होता. विषय : प्रिंटरमध्ये कागद एकेक करून सोडणारी यंत्रणा. अठ्ठावीस पानं, सात आकृत्या, अकरा दावे. अर्ज प्रसिद्ध झालेला होता, त्यात गुपित असं काही उरलं नव्हतं. तरी कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ही हकीकत कंपनीची नाहीच. ती नानांची आहे.

नानांचा छापखाना चोपडा या आमच्या गावच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत होता. पुढच्या खोलीत पायट्रेडल, खिळ्यांच्या केसेस आणि कागद कापायचं हातयंत्र. मागच्या खोलीत कुठूनशी जुनी घेतलेली मिनी ऑफसेट. आठवीच्या सुट्टीत वडिलांनी मला तिथे नेऊन उभं केलं. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. पोरगं उन्हात हिंडण्यापेक्षा सावलीत काही शिकेल, एवढाच त्यांचा हिशोब. नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिले पंधरा दिवस मशीनजवळ फिरकूच दिलं नाही. माझं काम फक्त कागदाचं. रीम फोडायचं, गठ्ठा हातात घेऊन एका कडेनं वाकवायचा, सोडायचा, पुन्हा वाकवायचा, म्हणजे पानापानात हवा शिरते. मग टेबलावर चारी बाजूंनी ठोकून सरळ करायचा. माझे हात दुखून यायचे. नाना म्हणायचे, "घाई कसाले? कागद पानी पेस, वारा खास. त्याले वळख पहिले."

कागद पाणी पितो आणि वारा खातो. आजही कागदाबद्दल मला यापेक्षा नेमकं वाक्य माहीत नाही. पावसाळ्यात सातपुड्याकडून ढग आले की तोच कागद लिबलिबीत व्हायचा, कडा लाटेसारख्या उठायच्या. मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे गेला की तो इतका कोरडा व्हायचा की पानं विजेच्या भारानं एकमेकांना घट्ट धरून बसायची. म्हणून नाना उन्हाळ्यात दारात गोणपाट ओलं करून टांगायचे. लोकांना वाटायचं, माणसांना गार वाटावं म्हणून. ते कागदासाठी होतं.

मग ट्रेडल. उजव्या हातानं कोरा कागद आत, डाव्या हातानं छापलेला बाहेर, आणि मधल्या क्षणात कागद पत्र्याच्या तीन छोट्या अडसरांना नीट टेकलेला हवा. दोन खाली, एक बाजूला. तिन्हीला टेकला तरच मजकूर सरळ. पुढे लेझर प्रिंटर उघडून पाहिला तेव्हा त्यात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसली : छापण्याच्या जागेआधी दोन रूळ क्षणभर थांबलेले असतात, कागदाचं तोंड त्यांच्यावर आपटतं, मागून रेटा चालूच असतो, कागदाला किंचित कमान येते, आणि त्या कमानीच्या जोरावर त्याची पुढची कड रुळांशी समांतर होते. मग रूळ फिरतात. वाकडा आलेला कागद सरळ करून आत घेण्याचं जे काम माझी बोटं करत होती, तेच.

ऑफसेटवर मात्र बोटांचं काम नव्हतं. तिचं फीडिंग रबरी चाकांचं होतं. गठ्ठ्यावर चाकं टेकायची, फिरायची आणि वरचा कागद पुढे सारायची. इथे नानांनी मला कान वापरायला शिकवलं. ते पुढच्या खोलीत खिळे जुळवत बसलेले असत, पाठ माझ्याकडे. मागून ऑफसेटचा ठेका चालू. मध्येच त्यांचा आवाज यायचा, "दोन गयात." मी मशीन थांबवून पाहायचो. खरंच दोन गेलेले असायचे. जाड कागदाचा आवाज बसका येतो, दोन कागदांचाही बसका येतो, पण त्या दोघांत फरक आहे : दोघांच्या मध्ये हवा असते. आज मोठ्या स्कॅनरमध्ये हेच काम अल्ट्रासॉनिक सेन्सर करतात. ध्वनिलहर कागदातून पार पाठवतात. दोन कागद असले तर मधल्या हवेच्या थराशी ती फार क्षीण होते आणि यंत्र थांबतं. हे तत्त्व मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला समजून घ्यावं लागलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती.

मी दहावीत होतो. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झालेला. एका जिनिंगची पन्नास पावतीपुस्तकं छापायची होती. पहिल्या फेरीत फॉर्म छापून झाला, दुसऱ्या फेरीत नंबर टाकायचे. ऑफसेटला नंबर टाकायची जोडणी होती. शाळा करून मी संध्याकाळी मशीनवर उभा होतो. रात्रीचे दहा वाजून गेले असतील. आवाज बदलला. मला ऐकू आला होता, हे मला आजही स्पष्ट आठवतं. पण थांबवायचं, गठ्ठा काढायचा, नंबर मागे घ्यायचा, या सगळ्याचा कंटाळा आला आणि मी मशीन चालू ठेवलं. पुन्हा एकदोनदा बदलला. नाना त्या रात्री घरी होते.

पंधरा दिवसांनी जिनिंगच्या मालकानं हिशोब तपासताना पावतीपुस्तकात चार पावत्या बिननंबरच्या निघाल्या. छापील, पण नंबर नाही. व्यापारात याचा अर्थ एकच लावतात : दिवाणजीनं प्रेसवाल्याशी संधान बांधून कोऱ्या पावत्या काढून घेतल्या, त्यावर परस्पर रोकड घ्यायची आणि वहीत दाखवायची नाही. दिवाणजी म्हातारा माणूस, मुलीचं लग्न ठरलेलं. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आणि त्याच जिनिंगमध्ये माझे वडील गाठी उचलत होते.

नानांना कळलं तेव्हा त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चाल." वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मालकाच्या पेढीवर मी दाराशी उभा होतो. नानांनी चारही पावत्या हातात घेतल्या, उजेडाकडे धरल्या आणि सांगितलं की दोन कागद एकदम गेले की खालच्यावर नंबर उमटत नाही, दिवाणजीचा यात काडीचाही संबंध नाही. मालकानं विचारलं, मशीनवर कोण होतं? माझे पाय कापत होते. नाना म्हणाले, "मशीन मनं शे. चूक मनी शे." बस. पन्नासच्या पन्नास पुस्तकं त्यांनी पदरच्या कागदावर पुन्हा छापून दिली. दिवाणजी कामावर परत आला. वडिलांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

परत येतानाही नाना मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आइकू उनं व्हतं ना तुले?" मी हो म्हणालो. हो म्हणालो याचं मला आजही समाधान आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी ते केलं. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेतला, दात घासून काढले, विस्तवावर धरून किंचित वाक दिला. त्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा सोल्यूशननं चिकटवला आणि ही पट्टी ऑफसेटच्या तोंडाशी अशी बसवली की कागदाची पुढची कड त्या रबराला घासूनच जावी. वरच्या कागदाला वरून चाकाची ओढ असते, ती रबराच्या अडवण्यापेक्षा जास्त, म्हणून तो जातो. खालच्या कागदाला ओढ फक्त वरच्या कागदाची, ती रबरापेक्षा कमी, म्हणून तो थांबतो. चाक आणि कागद यांतलं घर्षण सर्वांत जास्त, रबर आणि कागद यांतलं मधलं, कागद आणि कागद यांतलं सर्वांत कमी. या तीन पायऱ्यांवर जगातले बहुतेक प्रिंटर आणि झेरॉक्स मशिनं कागद सोडतात. नानांनी 'घर्षण' हा शब्द वापरला नाही. पण वाकलेल्या ब्लेडचं कारण त्यांनी मला समजावलं होतं : केळीच्या दलालांच्या कार्बनकॉपीचा पातळ कागद असला की पट्टी जागची हलत नाही आणि अडवते, लग्नपत्रिकेचं जाड कार्ड आलं की ते स्वतःच्या ताठपणानं पट्टीला मागे वाकवून वाट काढतं. कागदानंच ठरवायचं, आपल्याला किती अडवून घ्यायचं ते.

त्या हंगामात पुन्हा दोन कागद गेल्याचं मला आठवत नाही.

बारावीनंतर जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. कॉलेज नवंच होतं, वर्षभरापूर्वी १९९६ मध्ये सुरू झालेलं. ड्रॉइंगसाठी बोर्ड आणि ड्राफ्टर घ्यायला पैसे नव्हते. एसटीच्या गाडीत बसताना नानांनी खिडकीतून कागदात गुंडाळलेली वस्तू आत दिली. धानोरा गेलं, विदगावचा तापीचा पूल आला, तेव्हा मी ती उघडली. ड्राफ्टर होता. तो कागदही नीट कापलेला, ऑफसेटचा. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. मी नोकरीला लागल्यावर दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी मला चहा घ्यायला लावून विषय संपवला.

चोपड्यात एका पतपेढीत पहिला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आला तेव्हा नाना मला घेऊन तो पाहायला गेले होते. दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद, भोकांत दाते अडकून तो पुढे ओढला जाणारा. नाना बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "हाऊ ते वेसण घालेल बैल. कोठे जाई?" अगदी खरं होतं. सलग कागदाला दोन जाण्याचा प्रश्नच नसतो. तो सुट्या कागदाबरोबर आला. प्रिंटरशी आमच्या भागाचं आणखी एक नातं आहे : तापीपलीकडे आमच्या शेजारच्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी सुरू झाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि तिच्याच एका शाखेतून २००० साली प्रिंटर बनवणारी वेगळी कंपनी निघाली. अमळनेरच्या तेलापासून प्रिंटरपर्यंतची ती वाट आठवली की मला उगाच आपलं घरचं काही असल्यासारखं वाटतं.

काही वर्षं कारखान्यात काढून मी पेटंट परीक्षक झालो. नागपूरच्या प्रशिक्षणात आम्हाला कायद्यातला तो माणूस भेटला. पेटंट कायदा १९७० चा. त्यातल्या कलम २ मध्ये, २००२ च्या दुरुस्तीनं आलेल्या व्याख्येत तो आहे. शोधात 'कल्पक पायरी' आहे का, हे कसं ठरवायचं? तर जी गोष्ट 'त्या कलेत निष्णात असलेल्या व्यक्तीला' सहज सुचण्यासारखी नाही, तीच कल्पक. ही व्यक्ती कोण? ती कुणीही नाही. तिला नाव, गाव, वय नाही. तिला त्या क्षेत्रातलं प्रसिद्ध झालेलं सगळं माहीत असतं, हातात कसब असतं, पण नवं काढण्याची प्रतिभा तिच्याकडे धरायची नाही. शिक्षक म्हणाले, तिची कल्पना करा. माझ्या शेजारचे सहकारी कल्पना करत होते. मला करावी लागली नाही. माझ्यासमोर शाईनं काळी झालेली बोटं होती.

तेव्हापासून प्रत्येक अर्जाला मी नानांना विचारत आलो आहे. व्हॉल्व्ह असो, शिलाईयंत्र असो, ऊस तोडायचं यंत्र असो. नानांना हे सुचलं असतं का? एकदा उत्तर वाचलं की प्रत्येक गोष्ट सोपी वाटते, आणि परीक्षकाच्या हातून अन्याय होतो तो याच क्षणी. नाना मला तिथे थांबवतात.

त्याच वर्गात शंकर आबाजी भिसे यांच्याबद्दल ऐकलं. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा मराठी माणूस. खिळे ओतायचं यंत्र त्यांनी काढलं, भिसोटाइप, आणि इंग्लंड-अमेरिकेत पेटंटं मिळवली. पाठीशी सर रतन टाटांचा पैसा होता, तरी सारं आयुष्य त्या यंत्रापायी झिजवून १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. ऐकताना मला सारखं वाटत होतं : भिशांचं आपल्याला माहीत आहे कारण भिशांनी ते लिहून ठेवलं. या देशात पेटंटचा पहिला अर्ज १८५६ मध्ये कलकत्त्यात झाला, पंखा ओढायच्या यंत्राचा. एखाद्या पंखेवाल्यानंही त्याआधी दोरीला काही युक्ती केलीच असेल. ती कुठल्या कागदावर नाही.

तर आकृती ३. पहिल्या दाव्यात कंपनीनं मागितलं होतं तेच : कागदाच्या पुढच्या कडेसमोर लवचीक पट्टी, तिच्या टोकाला घर्षणाचा तुकडा, आणि कागदाच्या ताठपणानुसार पट्टीचं मागे झुकणं. मी खुर्चीत ताठ बसलो. हे मी १९९४ साली चोपड्यात पाहिलं होतं. हात लावला होता.

पण माझी आठवण हा पुरावा नाही. परीक्षकाला कागद दाखवावा लागतो, तारखेसकट. मी तीन दिवस प्रिंटरच्या वर्गात, बी४१जे मध्ये, शोधत राहिलो. मिळेना. मग नानांचं मशीन डोळ्यांसमोर आणलं. ते प्रिंटर नव्हतंच. पट्टीचा संबंध छपाईशी नव्हता, सुट्या पानांच्या गठ्ठ्याशी होता. मी बी६५एच मध्ये गेलो, जिथे पातळ वस्तू हाताळण्याच्या यंत्रणा येतात, आणि तिथे गठ्ठ्यातून एकेक पान वेगळं करण्याच्या गटात. चौथ्या दिवशी संध्याकाळी सापडलं. टपालाची पाकिटं एकेक करून सोडणाऱ्या यंत्राचं, तीसएक वर्षांपूर्वीचं पेटंट. वाकलेली पट्टी, टोकाला रबर. पातळ पाकीट अडतं, जाड पाकीट पट्टी वाकवून जातं.

मला आनंद झाला, आणि त्या आनंदात राग मिसळलेला होता. माझ्या माणसानं ट्यूबच्या तुकड्यातून केलेलं हे लोक आपलं म्हणून मागतात, असा. त्या रागात मी अहवाल लिहायला घेतला. अकराच्या अकरा दावे उडवणार होतो. १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडाही हाताशी होता, मिर्झापूरच्या भांडी करणाऱ्यांचा : भांडं लेथवर धरून ठेवायच्या युक्तीचं पेटंट न्यायालयानं रद्द केलं होतं, कारण कारखान्यातल्या कारागिराला कामाच्या ओघात सुचेल तेवढी सुधारणा पेटंटला पुरत नाही. अहवालाचं पान भरत आलं. सहाव्या दाव्यापाशी आलो आणि हात थांबला.

सहाव्या दाव्यात म्हटलं होतं की कागदाचा गठ्ठा जसा कमी होत जातो तशी ट्रेखालची पट्टी वर उचलली जाते, आणि तिच्या या उचलण्याशी एका छोट्या दांडीनं रबराची पट्टी जोडलेली आहे. त्यामुळे गठ्ठा भरलेला असो की तळाशी आलेला, अडवण्याचा जोर योग्य तितकाच राहतो. पाकिटांच्या यंत्रात हे नव्हतं. इतर कुठल्या कागदपत्रातही सापडलं नव्हतं. मी लिहिणार होतो, सहज सुचण्यासारखं. आणि मला नानांचा डावा हात दिसला.

दर अर्ध्या तासानं नाना ऑफसेट थांबवायचे. गठ्ठा उतरलेला असायचा. ते खाली पुठ्ठा सरकवायचे, मग पट्टीचा स्क्रू पावफेरी फिरवायचे, एक कागद सोडून पाहायचे, पुन्हा किंचित फिरवायचे. मी बारावीपर्यंत ते पाहत होतो. ती पट्टी आणि तो स्क्रू त्यांनी स्वतः केलेला, कागद त्यांच्याइतका कुणी ओळखत नव्हतं. तरीही त्यांना ते उचलणं आणि ते अडवणं एका दांडीनं जोडावं असं सुचलं नाही. मलाही नाही. ज्यांना रोज त्याची गरज होती त्यांना इतक्या काळात सुचलं नाही ते सहज सुचण्यासारखं आहे, असं मी कुठल्या तोंडानं लिहू?

मी पान खोडलं. पहिल्या पाच दाव्यांवर पाकिटांच्या पेटंटाचा हवाला देऊन हरकत घेतली. सहाव्यात कल्पक पायरी दिसते असं लिहिलं. कंपनीनं मुदतीत उत्तर दिलं, पहिला दावा सोडून सहावा त्यात मिळवून घेतला, आणि नियंत्रकांनी पेटंट मंजूर केलं. त्या दिवशी मी कुणाशी फारसं बोललो नाही. पेढीच्या दाराशी उभा होतो तेव्हासारखं वाटत होतं, फक्त पाय कापत नव्हते.

मंजूर पेटंट कुणीही पाहू शकतो. मी त्याची प्रत छापून घेतली आणि पुढच्या दिवाळीत चोपड्याला गेलो. ट्रेडल भंगारात गेली होती. पुढच्या खोलीत आता नानांच्या मुलाचं झेरॉक्सचं दुकान, शाळांच्या फॉर्मची गर्दी. नाना मागच्या खोलीत बाजेवर होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरणारे. मी पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. पावत्यांचंही. ते मधे बोलले नाहीत.

मग त्यांनी आकृती ३ मागितली. मुलानं भिंग आणून दिलं. नानांनी कागद आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, मग उजेडाकडे तिरका केला. पट्टी पाहिली. मग दांडी. बोट दांडीवरून ट्रेपर्यंत सावकाश नेलं आणि परत आणलं. दोनदा. "हाई भारी करं," ते म्हणाले. बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिले. मग भिंग रबराच्या तुकड्यावर आणून थांबवलं.

"हाई रबर गुळगुळीत हुई ना वरीसभरमा. पलटी करता येस का?"

मी अठ्ठावीसही पानं पुन्हा चाळली. त्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.